भोंगा वाजतोय? वायर तोडू नका!
जुन्या आउटबोर्ड मशीनच्या अलार्मचा एक छोटासा अभ्यास



गच्चीवरची टाकी भरली की खाली अलार्म बोंबलतो, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. पण कधी कधी तो उगाचच वाजतो. मग कोणीतरी 'शहाणा' त्याची वायरच काढून ठेवतो. दोन दिवस झोप छान लागते आणि तिसऱ्या दिवशी टाकीचं पाणी जिन्यावरून धबधब्यासारखं खाली येतं! होस्टेलमध्ये यात पाणी वाया जातं आणि वॉर्डन सरांची बोलणी खावी लागतात. समुद्रात तीच गोष्ट केली तर मशीन जातं, आणि वेळ वाईट असेल तर माणूसही जाऊ शकतो. म्हणून हा लेख.

मी मूळची डहाणूची. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं लेखी मराठी जरा बोलल्यासारखं वाटेल, सांभाळून घ्या. मशीनच्या भागांना बंदरावर लोक जे म्हणतात तेच शब्द मी वापरले आहेत. ते बहुतेक इंग्रजीच निघाले, त्याला माझा नाइलाज आहे.

आधी थोडं मशीनविषयी

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके. तलासरी म्हटलं की आपल्याला डोंगर, पाडे आणि हायवे आठवतो, पण झाई गावाजवळ त्या तालुक्यालाही समुद्र लागतो आणि पलीकडे लगेच गुजरात सुरू होतो. इथल्या मोठ्या मासेमारी बोटींच्या पोटात डिझेल इंजिन असतं. खाडीत आणि किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या काही लहान होड्यांना मात्र मागच्या फळीवर लटकवलेलं मशीन असतं. तेच आउटबोर्ड. सरकारी कागदांत त्याला 'ओबीएम' म्हणतात. इंजिन, गिअर आणि पंखा सगळं एकाच दांड्यावर, उचललं की पंखा पाण्याबाहेर.

हा प्रकार तसा जुना आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओले एविन्रूड यांनी १९०९ साली आपली आउटबोर्ड मोटर बनवली. पुढे एविन्रूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं ज्या ओएमसी कंपनीकडे होती, ती डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. नंतरच्या मालकांनी जॉन्सन हे नाव आधीच बंद केलं होतं, २०२० मध्ये एविन्रूडचं उत्पादनही थांबवलं. म्हणजे जुनं मशीन घेणाऱ्याला कंपनीचा माणूस मिळेलच असं नाही, मॅन्युअल तर बहुतेक हरवलेलंच असतं. अशा वेळी पार्ट बदलत बसण्यापेक्षा मशीनचं लॉजिक समजणं जास्त स्वस्त पडतं!

आउटबोर्डला रेडिएटर नसतो. खालच्या भागात जाळी असते, तिथून समुद्राचंच पाणी आत येतं. रबराचा एक छोटा पंखा, म्हणजे इम्पेलर, ते वर ढकलतो. पाणी सिलिंडरभोवती फिरून बाहेर पडतं. त्यातली एक बारीक धार मशीनच्या मागून पिचकारीसारखी उडते, ती आपल्याला दिसावी म्हणूनच असते. गाडीचा थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो, पण आउटबोर्डचा बऱ्याच मॉडेलवर ५० ते ६० च्या आसपासच उघडतो. कारण खारं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार आतल्या वाटांत थर धरू लागतात.

आता डहाणूचा किनारा आठवा. सपाट. ओहोटीला पाणी कितीतरी लांब जातं. खाडीच्या तोंडाशी गाळ आणि रेती. उथळ पाण्यातून मशीन नेलं की तोच गाळ इम्पेलरमधून जातो आणि रबर झिजतं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या! एक पिशवी जाळीवर बसली की पाणी बंद.

एक भोंगा, तीन तक्रारी

अलार्मचं सर्किट बारावीच्या फिजिक्सपेक्षा अवघड नाही. चावी ऑन केली की भोंग्याच्या एका टोकाला बॅटरीचे १२ व्होल्ट येतात. दुसऱ्या टोकाची वायर मशीनकडे जाते आणि तिथे दोन-तीन स्विचना जोडलेली असते. प्रत्येक स्विचचं दुसरं टोक मशीनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला. सगळे स्विच उघडे असतील तर सर्किट अपूर्ण आणि भोंगा गप्प. कोणताही एक स्विच जुळला की भोंगा चालू. एका घंटेला पुढच्या, मागच्या आणि बाजूच्या दाराची तीन बटणं जोडावीत तसं. घंटा एकच, दाबलं कोणी ते ओळखायचं आपण.

हे स्विच असे:

१. उष्णतेचा स्विच. हा सिलिंडर हेडवर बसतो. आत दोन धातूंची पट्टी असते. एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, सर्किट जुळतं. आपल्या इस्त्रीत हीच पट्टी असते. गंमत म्हणजे ही पट्टी समुद्रासाठीच जन्माला आली. इंग्लंडच्या जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात जहाजावरच्या घड्याळात तापमानाने होणारी चूक सुधारायला ती वापरली. आउटबोर्डवर ती मॉडेलप्रमाणे साधारण ८५ ते ९५ अंशांच्या आसपास जुळते.

२. ऑइलचा स्विच. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतं. काही मशीनवर वेगळी ऑइल टाकी आणि पंप असतो, तो आपोआप मिसळतो. टाकीत तरंगता फ्लोट असतो. ऑइल खाली गेलं की फ्लोट खाली, स्विच जुळला. होस्टेलच्या टाकीतलंच तंत्र, फक्त उलटं.

३. पेट्रोलचा स्विच. हा काही मोठ्या मॉडेलवरच असतो. पेट्रोलची लाइन तुंबली की पंप जास्त जोराने ओढतो, त्या व्हॅक्यूमने हा जुळतो.

आवाजाची पद्धत कंपनीप्रमाणे बदलते. जॉन्सन-एविन्रूडच्या १९८० आणि ९० च्या दशकातल्या बऱ्याच मॉडेलवर सलग आवाज म्हणजे उष्णता, थांबून थांबून एकेक बीप म्हणजे ऑइल कमी, आणि भराभर बीप म्हणजे पंपातून ऑइल जातच नाही. यामाहाच्या बऱ्याच टू-स्ट्रोकवर भोंगा सारखाच वाजतो आणि ऑइलसाठी वेगळा दिवा लागतो. शिवाय अनेक मॉडेलवर अलार्मबरोबर मशीन स्वतःच मंद होतं. कितीही थ्रॉटल द्या, दोन-अडीच हजार आरपीएमच्या वर जात नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. भोंगा 'मशीन तापलं' असं कधीच म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, 'माझी वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे.' ती खऱ्या उष्णतेने टेकली, स्विच बिघडल्यामुळे टेकली की वायरचं रबर सोलल्यामुळे टेकली, हे शोधणं म्हणजेच ट्रबलशूटिंग. आणि तसंच, भोंगा गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही. वायर तुटलेली असली तरी तो गप्पच असतो!

समुद्रात असताना वाजला तर

इथे निदान नंतर, जीव आधी.

१. थ्रॉटल पूर्ण खाली. मागे वळून पिचकारी बघा.

२. पाणी येत नसेल तर मशीन लगेच बंद. लगेच नांगर टाका, नाहीतर ओहोटी होडीला बाहेर ओढून नेईल आणि तुम्ही मशीनमध्ये डोकं घालून बसाल.

३. मशीन वर उचला, जाळी बघा. पिशवी, जाळ्याचा तुकडा, शेवाळ, जे असेल ते काढा. पिचकारीच्या भोकात मीठ किंवा गाळ अडकला असेल तर बारीक तारेने मोकळं करा. कधी कधी बिचारा पंप ठीक असतो, फक्त भोक बुजलेलं असतं.

४. तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतू नका. १५-२० मिनिटं थांबा.

५. ऑइलची टाकी बघा. खाली असेल तर भरा. टाकी भरलेली असून अलार्म पंपाचा असेल, तर पेट्रोलच्या टाकीत ५० ला १ या प्रमाणात ऑइल मिसळून हळू परत या. २५ लिटर पेट्रोलला ५०० मिली. म्हणून ऑइलची एक बाटली होडीत हवीच. ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. स्कूटरचं चालत नाही.

६. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? हसू नका, बंद स्क्रूमुळे टाकीत व्हॅक्यूम होतो आणि मशीन उपाशी राहतं.

परत चालू केल्यावर भोंगा गप्प राहिला तर मंद गतीने किनाऱ्याकडे. पुन्हा वाजला तर हट्ट नको. शेजारच्या होडीला हाक मारा, व्हीएचएफ असेल तर चॅनल १६, फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नव्हे.

किनाऱ्यावर शोध कसा घ्यायचा

इथे दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. सुरुवातीला किल स्विचची दोरी काढा आणि स्पार्क प्लगच्या टोप्या काढा, म्हणजे चुकून पंखा फिरणार नाही.

पायरी १. मशीन रात्रभर थंड असताना चावी ऑन करा, चालू करू नका. बऱ्याच मॉडेलवर भोंगा क्षणभर वाजून गप्प होतो, ती त्याची स्वतःची चाचणी. पण सलग वाजत राहिला तर? थंड मशीन तापलेलं असूच शकत नाही. म्हणजे दोष इलेक्ट्रिकल आहे. एका मिनिटात अर्धा प्रश्न सुटला.

पायरी २. उष्णतेच्या स्विचची वायर सोडवा. जॉन्सन-एविन्रूडवर ती फिक्या तपकिरी रंगाची असते, यामाहावर गुलाबी. व्ही आकाराच्या मशीनला दोन हेड म्हणजे दोन स्विच, एकेक सोडवा. जो सोडल्यावर आवाज थांबला तो स्विच दोषी.

पायरी ३. मग ऑइलच्या टाकीचं कनेक्शन सोडवा. आवाज थांबला तर टाकी आणि फ्लोट बघा. जुन्या मशीनवर बऱ्याचदा लोकांनी ऑइलचा पंप बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सुरुवात केलेली असते. मग रिकामी टाकी कायम तक्रार करणारच! तिथे फक्त ऑइल स्विचचं कनेक्शन वेगळं काढून टोक नीट बंद करायचं. भोंग्याची वायर तोडली तर उष्णतेचा अलार्मही त्याबरोबर मरतो.

पायरी ४. सगळे स्विच सोडवले तरी वाजतोय? मग वायरच कुठेतरी सोलली आहे.

पायरी ५. संशयित स्विच काढून पाण्यात धरा, मल्टीमीटर लावा, थर्मामीटरसह पाणी तापवा. थंडीत सर्किट उघडं आणि मॅन्युअलमधल्या तापमानाला जुळलं तर स्विच चांगला.

पायरी ६. हे सगळं ठीक असेल आणि भोंगा फक्त मशीन चालल्यावर वाजत असेल, तर भोंगा खरं बोलतोय. इम्पेलर, थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या वाटा उघडून बघा.

मामाच्या मशीनची केस

माझ्या मामाने काही वर्षांपूर्वी एक जुनं टू-स्ट्रोक मशीन सेकंडहँड घेतलं. तक्रार एकच, 'उचलत नाही.' कितीही थ्रॉटल दिलं तरी एका ठराविक आरपीएमवर अडायचं. दोनदा कार्ब्युरेटर साफ झाला, प्लग बदलले, काही फरक नाही. मामाने मनाची समजूत घातली की मशीन म्हातारं झालं.

सुट्टीत मी त्याला विचारलं, "मामा, तुझा भोंगा वाजतो का रे?"

"छे गं, हे मशीन कधीच वाजत नाही. एकदम गुणी."

चावी ऑन केली, क्षणभराचाही आवाज नाही. उष्णतेच्या स्विचची वायर काढून बॉडीला टेकवली, तरी गप्प. मग कंट्रोल बॉक्सच्या मागे बघितलं तर भोंग्याची वायर कापून टेप गुंडाळलेली. आधीच्या कोणत्या तरी मालकाचं काम. जोडल्याबरोबर भोंगा सुरू, आणि मशीन तर रात्रभर थंड! दोन्ही हेडचे स्विच सोडवले, तरी चालूच. मशीन ऑइल-पेट्रोल मिसळून चालणारं होतं, त्यामुळे ऑइल स्विचचा प्रश्नच नव्हता. म्हणजे वायर. टोपणाखाली जिथून वायरिंग आत शिरतं तिथलं रबर गळून गेलं होतं आणि हिरवं पडलेलं तांबं कडेला घासत होतं.

आता सगळं जुळलं. सोललेल्या वायरमुळे मशीनला कायम 'मी तापलोय' असा खोटा निरोप मिळत होता, म्हणून ते स्वतःला वाचवायला मंद राहत होतं. कोणीतरी आवाज बंद केला होता, पण कारण तसंच होतं. कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष!

नवी वायर टाकली, नवं रबर बसवलं. चावी ऑन, शांतता. वायर टेकवली, आवाज. उत्तम. भरतीला मशीन घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. काय पळालं! मामा खूश. आणि साधारण दहा मिनिटांनी भोंगा सलग वाजायला लागला.

"परत तेच! तोड ती वायर," मामा वैतागून म्हणाला.

मी म्हणाले, "आधी पिचकारी बघ." ती दोऱ्याएवढी बारीक होती. थ्रॉटल खाली केलं तर थोड्या वेळाने भोंगा आपोआप थांबला. सोललेली वायर असं करत नाही. ही उष्णता खरी होती. हळूहळू परत आलो, खालचा भाग उघडला. इम्पेलरची दोन पाती तुटलेली, बाकीची एका बाजूला वाकून कडक झालेली. तुटलेले तुकडे वर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी सापडले. तेही शोधावे लागतात, नाहीतर नवा इम्पेलर घालून पाणी तितकंच अडतं.

मंद चालत होतं तोवर झिजलेला इम्पेलर पुरत होता. पूर्ण वेगाला पुरला नाही. भोंग्याची वायर तशीच कापलेली असती तर मामा वेग वाढल्याच्या आनंदात सरळ बाहेर गेला असता आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकूनच मशीन थांबलं असतं. खोटा अलार्म दुरुस्त केला म्हणून खरा ऐकू आला. माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचं सार हेच.

हे फक्त होडीपुरतं नाही

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलाच्या रिगवर स्फोट झाला आणि ११ कामगार गेले. त्या दुर्घटनेची कारणं अनेक होती. पण नंतरच्या चौकशीत रिगवरच्या मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने एक गोष्ट सांगितली. खोट्या अलार्मने रात्री लोकांची झोप मोडू नये म्हणून रिगचा सर्वसाधारण अलार्म आपोआप वाजणार नाही असा ठेवलेला होता. एवढी मोठी रिग, एवढे मोठे इंजिनिअर, आणि कारण आपल्या होस्टेलचंच!

खोटा अलार्म हा स्वतःच एक बिघाड आहे आणि तोही दुरुस्तच करावा लागतो. त्याला गप्प करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

शेवटी काही सवयी

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. हे दोन महिने मशीन कोपऱ्यात पडून राहतं, तेव्हाच या गोष्टी कराव्यात.

बंदीआधी गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन चालवून आतलं मीठ धुवा. कोरडं कधीही चालू करू नका, काही सेकंदांतही इम्पेलर खराब होतो. बंदीनंतर पाण्यात उतरवण्याआधी इम्पेलर काढून पाती बघा, वाकलेली असतील तर बदला. थर्मोस्टॅट काढून त्यावरचं मीठ घासा. वायरिंग जिथे जिथे कडेला लागतं तिथलं रबर तपासा.

आणि महिन्यातून एकदा उष्णतेच्या स्विचची वायर सोडवून, चावी ऑन ठेवून, बॉडीला टेकवा. भोंगा वाजला पाहिजे. या चाचणीला एक पैसाही लागत नाही. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला आपला भोंगा जिवंत आहे, एवढं तरी निघण्याआधी माहीत असावं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, गावी असं मशीन असेल तर सुट्टीत मल्टीमीटर घेऊन नक्की जा. लॅबमध्ये आपण कंटिन्युइटी टेस्ट फक्त जर्नलवर सही मिळवायला करतो. तिचा खरा उपयोग काय, ते तिथे कळतं.

— टी. ई. मेकॅनिकल